शिंपल्यांची वस्ती आणि मधली मोकळी जागा

आज मी तुम्हांला एका मुक्या जिवाची हकिगत सांगणार आहे. त्याला डोके नाही, कान नाहीत, बोलता येत नाही. त्यांच्यात पाटील नाही, पंच नाही, सभा भरत नाही. तरी ते हजारोंनी, लाखोंनी एका जागी राहतात. आणि अशा बेताने राहतात, की पाहणाराने तोंडात बोट घालावे. हा जीव म्हणजे समुद्रातला शिंपला.

कुणी म्हणेल, "गुरुजी, आपल्या नगर जिल्ह्यात समुद्र कुठं आलाय? आम्हांला उन्हाळ्यात हंडा भरायची मारामार, आणि तुम्ही समुद्राच्या गोष्टी सांगताय!" खरे आहे. पण ही गोष्ट फिरून फिरून शेवटी आपल्या विहिरीपाशीच येणार आहे. तेवढा धीर धरा.

शिंपला तुम्ही पाहिलेला आहे. गोदावरीच्या, प्रवरेच्या, भीमेच्या वाळूत सापडतो. डबीला दोन झाकणे असावीत तसे त्याचे दोन कवच असतात. आत मऊ जीव. धोका वाटला, की झाकणे मिटतात. नदीतला शिंपला आणि समुद्रातला शिंपला हे दूरचे भाऊबंद समजा.

शिंपल्यांच्या तीन तऱ्हा

आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर निरनिराळ्या जातीचे शिंपले आहेत. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढते तिला भरती म्हणतात, उतरते तिला ओहोटी. ओहोटीला किनाऱ्याचे खडक आणि चिखल उघडे पडतात. त्या वेळी कोळ्यांच्या आणि गावच्या बाया टोपल्या घेऊन शिंपले काढायला जातात.

त्यातली एक जात म्हणजे कालव. कालव लहानपणी एकदा खडकाला चिकटले, की जन्मभर तिथेच. सिमेंटने बसवल्यासारखे. दुसरी जात तिसऱ्यांची. तिसरी वाळूत, चिखलात स्वतःला पुरून घेते. आणि तिसरी जात, गोव्याकडे जिला शिणाणे म्हणतात, तिची तऱ्हा सगळ्यांहून निराळी. ती स्वतःला दोरांनी बांधून घेते. रंग हिरवट, आकार लांबट, बोटाएवढा किंवा त्याहून थोडा मोठा. आजची गोष्ट या बांधून घेणाऱ्या शिंपल्याची आहे.

हा दोर कुठून येतो? शिंपल्याला जिभेसारखा एक पाय असतो. तो कवचाबाहेर काढून शिंपला चाचपतो. जागा पसंत पडली, की पायावरच्या बारीक खाचेत एक पातळ रस सोडतो. तो रस काही मिनिटांत घट्ट होतो आणि त्याचा दोर बनतो. दोराचे एक टोक शिंपल्याच्या अंगात, दुसऱ्या टोकाला चिकट टिकली. ती टिकली खडकाला बसते. असे एक एक करून तो बरेच दोर टाकतो. आपण तंबूला चारी बाजूंनी तणावे देतो ना, तसे.

पण खडक नसेल तर? नुसता मऊ चिखल असेल तर? तेव्हा तो शेजारच्या शिंपल्याला दोर टाकतो. शेजारी त्याला टाकतो. असे दहा, वीस, शंभर शिंपले एकमेकांना बांधले जातात. एकटा शिंपला लाटेने लोळत जाईल. बांधलेला गठ्ठा हलत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल. हा शिंपला कालवासारखा जन्माचा खिळलेला नसतो. जागा पटली नाही, तर तो दोर सोडतो आणि पायाच्या जोरावर हळूहळू सरकतो. लहान वयात तर बराच फिरतो.

पोटाचा प्रश्न

हा शिंपला खातो काय? समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे शेवाळाचे कण तरंगत असतात. शिंपला कवच थोडे उघडतो, पाणी आत ओढतो, गाळून घेतो, कण ठेवतो आणि पाणी बाहेर टाकतो. आपण चहा गाळतो तसेच, फक्त त्याला चोथा हवा असतो. एक वाढलेला शिंपला तासाला लिटर-दोन लिटर पाणी गाळू शकतो. लाखो शिंपले असले, तर हिशेब करून पाहा.

आता त्याच्यापुढे दोन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण लाटेची. एकटे राहिले, तर लाट ओढून नेते. खेकडे आणि पक्षी एकट्याला लवकर गाठतात. म्हणून शेजारी हवा. शेजारी जितके जवळ, तितका आधार पक्का.

दुसरी अडचण पोटाची. सगळेच एका जागी दाटले, तर पाण्यातले कण पुरत नाहीत. पहिल्या रांगेने गाळून घेतलेले पाणी मागच्या रांगेला मिळते. त्यात काय उरणार? मागचे उपाशी राहतात, त्यांची वाढ खुंटते. शिवाय दाटीत गाळ साचतो आणि खालचे गुदमरतात.

म्हणजे पांगावे तर लाट मारते, दाटावे तर भूक मारते. शिंपल्याने करावे काय?

चिखलावरची नक्षी

युरोपात हॉलंड, जर्मनी आणि डेन्मार्क या तीन देशांच्या किनाऱ्याला लागून एक उथळ समुद्र आहे. त्याचे नाव वाडेन समुद्र. ओहोटीला तिथे कोसच्या कोस चिखलाचे मैदान उघडे पडते. त्यावर काळसर निळ्या रंगाचे शिंपले असतात. आपल्या शिणाण्यांचे ते जवळचे नातेवाईक. तेही दोर टाकून एकमेकांना बांधून घेतात.

तिथले लोक वरून पाहतात, तेव्हा काय दिसते? शिंपले सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. आणि सगळे एका ढिगातही नाहीत. चिखलावर पट्टे पट्टे दिसतात. एक पट्टा शिंपल्यांचा, मग काही मीटर मोकळा चिखल, मग पुन्हा शिंपल्यांचा पट्टा. जणू कुणी पाभर धरून पेरणी केली आहे. बहुतेक पट्टे पाण्याच्या ओढीला आडवे असतात.

पण तिथे पाभर कुणी धरली? कुणीच नाही. तेथील योहान फान दे कोपेल नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी या नक्षीचा छडा लावला. त्यांनी एक साधी परीक्षा घेतली. प्रयोगशाळेत पाण्याच्या भांड्यात शिंपले सगळीकडे सारख्या अंतराने पसरून ठेवले. लाट नाही, ओढ नाही, खडक नाही. मग नुसते पाहत राहिले. एक दिवस जातो न जातो, तो शिंपले सरकत सरकत एकमेकांशी जुळले आणि माळेसारख्या, जाळीसारख्या रांगा झाल्या. मधे मोकळ्या जागा राहिल्या. 2008 साली त्यांनी हे जगापुढे मांडले.

त्यांनी प्रत्येक शिंपल्याच्या चालीवर लक्ष ठेवले होते. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. अगदी अंगाला अंग लागून शेजारी मिळाले, की शिंपल्याची चाल मंदावते. तो तिथे थांबतो आणि दोर टाकतो. पण चार बोटांच्या पलीकडे, जरा लांबच्या घेरात, शिंपल्यांची गर्दी फार झाली, की तो पुन्हा चालू लागतो.

झाले. एवढीच त्यांची रीत. अंगाशी शेजारी असावा, पण भोवतालची गर्दी बेताची असावी. प्रत्येक जण आपल्यापुरते एवढेच करतो. आणि सगळ्यांचे मिळून ती नक्षी उमटते. या नक्षीत राहणाऱ्या शिंपल्यांना आधारही मिळतो आणि पोटालाही मिळते. म्हणजे जवळच्या घेरात मदत आणि लांबच्या घेरात चढाओढ. दोन्ही एकाच वेळी चालू असतात.

हे ऐकून असे समजू नका, की शिंपला मोठा परोपकारी आहे. तो शेजाऱ्याला धरतो ते स्वतः वाहून जाऊ नये म्हणून. तो गर्दीतून सरकतो ते स्वतः उपाशी राहू नये म्हणून. त्याच्या पोटात ना दया, ना द्वेष. पण त्याचा फायदा शेजाऱ्याच्या फायद्याशी बांधला गेलेला आहे. दोर दोघांनाही धरून ठेवतो.

मोकळी जागा कशाला?

आता त्या पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या चिखलाकडे या. पाहणाराला वाटेल, ही जागा वाया गेली. इथे आणखी शिंपले मावले असते.

तसे नाही. पाण्याचा प्रवाह एका पट्ट्यावरून गेला, की त्यातले तळाजवळचे कण संपतात. मग ते पाणी मोकळ्या चिखलावरून जाते. तिथे खाणारा कोणी नसतो. तेवढ्यात वरच्या थरातले ताजे पाणी खाली मिसळते. खाली पुन्हा कण येतात. मग पुढचा पट्टा येतो आणि त्याला खायला मिळते. मधली जागा नसती, तर पुढच्या पट्ट्याच्या वाट्याला नुसते खारे पाणी आले असते. म्हणून ती मोकळी जागा म्हणजे पुढच्या पट्ट्याची थाळी आहे.

ही गोष्ट आपल्याकडच्या शेतकऱ्याला परकी नाही. बाजरीच्या दोन ओळींत आपण दीड फुटाचे अंतर ठेवतो आणि दोन ताटांत अर्ध्या फुटाचे. दाट उगवली, तर विरळणी करतो. चांगली हिरवी रोपे उपटताना नव्या माणसाचा हात अडखळतो. पण जुना शेतकरी जाणतो, की उपटले नाही तर एकाही ताटाला धड कणीस येणार नाही. ओळींमधली जमीन उघडी दिसते, पण तिच्या पोटातून मुळे ओल खेचत असतात.

डोंगराच्या उतारावरचे गवत पाहा. पाऊस कमी तिथे गवत चादरीसारखे पसरत नाही, झुबक्या झुबक्यांनी उगवते. झुबक्यात मुळांनी जमीन भुसभुशीत केलेली असते. वाहत आलेली माती तिथे अडते. पाणी मुरते. म्हणून झुबक्यातली पाती एकमेकांना आधार देतात. आणि दोन झुबक्यांच्या मधली टणक जमीन पाऊस पिऊ शकत नाही. ती तो पुढच्या झुबक्याकडे ढकलते.

आफ्रिकेत नायजर आणि सोमालिया या कोरड्या देशांत हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर दिसते. तिथल्या सपाट उतारांवर झुडपांचे लांबच लांब पट्टे आहेत आणि मधे उघड्या जमिनीचे पट्टे. विमानातून पाहिले तर वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांसारखे दिसतात. जमिनीवर उभ्या माणसाला याचा पत्ताही लागत नाही. उघड्या पट्ट्यावर पडलेले पाणी वाहत जाऊन खालच्या झुडपांना मिळते. पाऊस एवढा थोडा, की सगळ्या जमिनीवर झाडी जगलीच नसती. अर्धी जमीन उघडी राहते, म्हणून उरलेल्या अर्धीवर झाडी टिकते.

समुद्रातले शिंपले आणि कोरड्या देशातली झुडपे यांचा काय संबंध? जात निराळी, पाणी निराळे. पण अडचण एकच. जवळ आधार हवा आणि अन्न-पाणी मोजके. म्हणून नक्षीही सारखीच उमटते.

वस्ती मोडली तर

आता वाईट बाजू ऐका.

वाडेन समुद्रात हॉलंडच्या बाजूला शिंपल्यांचा मोठा धंदा आहे. बोटींमागे लोखंडी जाळी ओढून शिंपले खरवडून काढतात. नव्या पिल्लांची भर काही वर्षे नीट पडली नव्हती. तरी खरवड चालूच राहिली. 1990 च्या सुमारास ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावरची शिंपल्यांची वस्ती जवळजवळ नाहीशी झाली. शिंपल्यांवर जगणारे समुद्रपक्षी त्या हिवाळ्यात उपासमारीने मेले.

लोकांना वाटले, शिंपले काय, पुन्हा येतील. एक मादी लाखो अंडी घालते. पण ते लवकर परत आले नाहीत. का? नवे पिल्लू पाण्यातून तरंगत येते आणि बसायला घट्ट जागा शोधते. पूर्वी ते जुन्या शिंपल्यांवर बसत असे. त्यांच्या दोरांत अडकून सुरक्षित राहत असे. आता बसायला जुने शिंपलेच नव्हते. उघड्या, हलत्या चिखलावर आलेले पिल्लू पुढच्या वादळात वाहून जाई. त्या चिखलावरची खरवड पुढे सरकारने फार आवळून धरली. तरीही काही भाग सावरायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

यातून एक गोष्ट समजून घ्या. जिथे एकाचा आधार दुसऱ्याला असतो, तिथे वस्ती बरेच हाल सोसते आणि वरून धडधाकट दिसते. थोडे कमी झाले, तरी उरलेले एकमेकांना धरून असतात. पण एका हद्दीच्या खाली संख्या गेली, की सगळी वस्ती एकदम जाते. आणि एकदा गेली, की नुसता त्रास थांबवून ती परत येत नाही.

केरळात याच्या उलट उदाहरण आहे. तिथे कासरगोड जिल्ह्यातल्या खाड्यांत बायांचे बचतगट हिरवे शिंपले पाळतात. लहान शिंपले जाड दोराभोवती ठेवतात आणि वर जुन्या मच्छरदाणीसारखे पातळ सुती कापड गुंडाळतात. मग दोर खाडीच्या पाण्यात टांगतात. काही दिवसांत कापड कुजून गळून पडते. तोवर शिंपल्यांनी आपले दोर टाकून पक्की पकड घेतलेली असते. म्हणजे माणसाने फक्त पहिले काही दिवस आधार द्यायचा. पुढचे काम शिंपले करतात. पण दोरावर फार दाटी झाली, तर बाहेरचे थर निसटून पडतात. म्हणून तिथेही विरळणी करावी लागते. आणि पावसाळ्याचे गोडे पाणी खाडीत भरण्याआधी माल काढून घ्यावा लागतो. नाही तर शिंपले मरतात. आपण सुगीला पावसाआधी खळे उरकतो, तशी त्यांची घाई.

आता आपली विहीर

आता कबूल केल्याप्रमाणे विहिरीपाशी येऊ.

आपल्या जिल्ह्याचा बराच भाग काळ्या पाषाणाचा आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कठीण खडक. पावसाचे पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते. ते तळ्यासारखे अथांग नसते. मडक्यातल्या पाण्यासारखे मोजके असते.

एका विहिरीवर मोटार चालू केली, की त्या विहिरीभोवती जमिनीतल्या पाण्याची पातळी नरसाळ्यासारखी खाली बसते. मोटार जितकी जोरात, तितके नरसाळे मोठे. शेजारी दुसरी विहीर असली, तर तिचेही नरसाळे होते. दोन नरसाळी एकमेकांत शिरली, की दोन्ही विहिरींचे पाणी खाली जाते. मग एक जण म्हणतो, आपण बोअर घेऊ. दुसरा म्हणतो, त्याने दोनशे फूट घेतले, मी तीनशे घेतो. दोघेही कर्ज काढतात. पाणी तेवढेच, फक्त ते गाठायचा खर्च वाढत जातो. शेवटी ज्याच्याजवळ पैसा नाही, त्याची विहीर पहिली कोरडी पडते. आणि त्याच्या मागोमाग गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर.

शिंपल्याला भोवतालची गर्दी ताबडतोब कळते, कारण त्याच्या पोटाला कळते. मग तो सरकतो. आपली अडचण अशी, की जमिनीखालची गर्दी आपल्याला दिसत नाही. कळते तेव्हा फाल्गुन उजाडलेला असतो आणि विहिरीत वाळू दिसत असते. आणि विहीर काही शिंपल्यासारखी सरकवता येत नाही.

म्हणून माणसाला दुसरी सोय करावी लागते. ती सोय म्हणजे मोजणे, बोलणे आणि नियम करणे.

सरकारनेही यात लक्ष घातलेले आहे. 1993 साली महाराष्ट्रात भूजलाचा कायदा झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेऊ नये, असे त्यात घातले होते. पुढे 2009 साली त्याहून व्यापक कायदा करण्यात आला. ते 500 मीटर म्हणजे काय? शिंपल्यांच्या दोन पट्ट्यांमधली मोकळी जागा. कुणाला ती पडीक वाटते. पण तिच्या पोटात सगळ्या गावाची तहान असते.

पण कायदा कागदावर असतो आणि विहीर शेतात. त्या दोघांची गाठ गावानेच घालावी लागते. आपल्याच जिल्ह्यात त्याचे उदाहरण आहे. नगर तालुक्यातले हिवरे बाजार. तिथे पाऊस आपल्यासारखाच बेताचा. 1972 च्या दुष्काळानंतर गावाची दशा फार वाईट झाली होती. डोंगर उघडे बोडके, विहिरी कोरड्या, माणसे कामासाठी बाहेर. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावाने काही नियम बांधून घेतले. झाडावर कुऱ्हाड चालवायची नाही. डोंगरावर मोकाट गुरे सोडायची नाहीत. हवे तर गवत कापून न्यावे. दारू नको. कामाला सगळ्यांनी श्रमदानाने यायचे. डोंगरावर उताराला आडवे चर खणले, बांध घातले.

इथे शिंपल्याचा दोर कोणता? तो चर आणि तो बांध. वरच्या माणसाच्या बांधाने अडवलेले पाणी खालच्या माणसाच्या विहिरीला येते. वरच्याने बांध फोडला, तर खालच्याची माती वाहून जाते. आणि डोंगरावरचे राखलेले गवत म्हणजे काय? तीच मोकळी जागा. तिथे पेरणी नाही, वस्ती नाही. पण तिथे मुरलेले पाणी खाली विहिरीला उतरते.

पण हिवरे बाजारच्या लोकांनी तेवढ्यावर भागवले नाही. पाणी वाढले, की माणसाची भूकही वाढते. म्हणून त्यांनी पाणी काढण्यालाही नियम घातला. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही. ऊस-केळीसारखे पाणीखाऊ पीक घ्यायचे नाही. गावात पावसाचे माप ठेवले जाते. पाऊस संपला, की ग्रामसभेत पाण्याचा जमाखर्च मांडतात. माणसांना किती, जनावरांना किती, शेतीला किती. पिण्याचे आधी बाजूला काढतात. उरेल त्यावर कोणती पिके घ्यायची ते ठरवतात. ज्या साली पाऊस कमी, त्या साली रब्बीचा पेरा कमी.

यात दोन्ही गोष्टी आल्या. पाणी अडवताना सगळे एकमेकांना धरून. पाणी उपसताना प्रत्येकाला हद्द. नुसते बंधारे बांधले आणि उपशाला हद्द घातली नाही, तर अडवलेले पाणी दोन वर्षांत मोटारी पिऊन टाकतात. नुसती हद्द घातली आणि पाणी अडवले नाही, तर वाटायला काही उरतच नाही.

कुणी म्हणेल, "हे सगळं खरं, पण माझ्या एकट्याच्या बोअरनं काय फरक पडणार?" मंडळी, त्या चिखलावरचा प्रत्येक शिंपलाही एकटाच असतो. त्याला नक्षी दिसत नाही. तो फक्त आपल्या दोन-चार बोटांचा विचार करतो. आणि त्या दोन-चार बोटांच्या वागण्यातूनच कोसभर नक्षी उमटते. माझ्या शेताच्या दोन बांधांपुरते मी कसा वागतो, यातूनच गावाच्या पाण्याची नक्षी ठरते. चांगली किंवा वाईट.

आणखी कुणी म्हणेल, "शेजाऱ्याशी माझं भांडण आहे. त्याच्याशी कसली मदत?" शिंपल्यांचेही प्रेम नसते हो. ते एकाच ताटातले खातात. एकाने जास्त खाल्ले, की दुसऱ्याला कमी. तरी दोर टाकतात. कारण लाट आली, की ती दोघांनाही नेणार हे नक्की. दुष्काळ ही आपली लाट आहे. ती भांडण विचारून येत नाही.

तुम्ही आता लिहायला-वाचायला शिकलात. मग एक काम करा. गावाच्या विहिरीत दर महिन्याच्या पहिल्या दिवशी दोरी सोडा. कठड्यापासून पाणी किती हात खोल आहे, ते मोजा आणि वहीत तारखेसह लिहा. ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांनी आपापल्या विहिरीचेही लिहावे. पाऊस पडला, की तोही मोजून लिहावा. वर्षभराने त्या वह्या ग्रामसभेत एका चटईवर मांडा. जमिनीखालची जी गर्दी डोळ्यांना दिसत नाही, ती त्या आकड्यांत दिसेल. कुणाचे नरसाळे कुणाच्या विहिरीत शिरले आहे, तेही दिसेल. मग भांडणाऐवजी हिशेबाने बोलता येईल.

शिंपल्याला अक्षर येत नाही. त्याला फार लांबचे कळत नाही. आपल्याला वहीत लिहून ठेवता येते, पुढच्या उन्हाळ्याचा विचार आजच्या पावसात करता येतो. एवढे करूनही आपण दाटी करून सगळे उपाशी राहिलो, तर मग शिकलो कशाला?

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला दोरी घेऊन गावच्या विहिरीवर जमा. पहिला आकडा कोण लिहिणार, ते आज इथेच ठरवून उठू या.